रानांतील घर : आधीं जागा पाहावी

आमच्या शेतकरी बंधूंपैकीं कित्येकांच्या मनांत हल्लीं वाडींत किंवा डोंगरउतारावर नव्या तऱ्हेचें घर बांधण्याची इच्छा असते. इच्छा रास्त आहे. परंतु कामास आरंभ होतो तो बहुधा झाडें तोडून, खडक फोडून व उतार सपाट करून. ही रीत तोट्याची आहे, असें आमचें मत असून त्याकरितां सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, एक दाखला देतों.

त्या बेटाच्या वायव्य भागांत पोलोंतलावा येथें नारळीचा मोठा मळा आहे. तेथील व्यवस्थापकासाठीं सन १९६३ ते १९६५ या काळांत बंगला बांधण्यांत आला. आधीं वकील असलेले जेफ्री बावा व डेन्मार्कचे उल्रिक प्लेस्नर हे त्याचे वास्तुशिल्पज्ञ. जागेंत प्रचंड शिळा विखुरलेल्या होत्या. त्या सुरुंगानें उडविण्याऐवजीं उभयतांनीं त्यांनाच आधार मानिलें. शिळांवर काँक्रीटची तुळई टेकविली, उतरतें छप्पर घातलें व भिंती मोजक्याच ठेविल्या. घर रानांत मिसळून गेलें.

यांतील तत्त्व आपणांस परकें नाहीं. कोंकणांतील जुन्या घराचीं उतरतीं कौलें, खोल वळचण व पुढची पडवी हेंच सांगतात. वळचण लांब असली म्हणजे भिंतीस पाऊस लागत नाहीं व दुपारचें ऊन आंत येत नाहीं. समोरासमोर खिडक्या असल्या म्हणजे दमट हवा कोंडत नाहीं. काँक्रीटची सपाट गच्ची मात्र दिवसा तापते व रात्रीं ती उष्णता खालीं सोडते.

म्हणून आमची सूचना अशी कीं, बांधण्यापूर्वीं एक पावसाळा जागा नुसती पाहावी. पाणी कोणत्या वाटेनें वाहतें, वारा कोठून येतो, तिसऱ्या प्रहरीं सावली कोठें पडते, हें टिपून मगच झाडें वगळून नकाशा आंखावा. उताराचा पायथा तोडूं नये. वरच्या मातीचा टेकू जातो व अतिवृष्टींत दरड कोसळते. जोतें उताराप्रमाणें पायऱ्यापायऱ्यांनीं घ्यावें. झावळी वा नारळ छपरावर पडेल इतकें घर माडाजवळ नसावें. वाळवीसाठीं लांकूड जमिनीस टेकूं देऊं नये.

महसूल कचेरींत आमचा जन्म गेला. जमीन गुंठ्यांत व आकारांत मोजण्याची आम्हांस सवय. त्या हिशेबानेंही पाहिलें तर, घर पाडून पुन्हा बांधतां येतें. आजोबांनीं लाविलेला आंबा व डोंगराची माती एकदां गेली म्हणजे आपल्या हयातींत परत येत नाहीं.