टॉवरखालची जमीन आणि रत्नागिरीची माणसं

लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जमिनीवर वर्ल्ड वन हा 280 मीटर उंचीचा निवासी टॉवर उभा आहे. त्यातल्या घरांच्या किमती कोटींत आहेत. याच गिरणीच्या जमिनीतून म्हाडाच्या वाट्याला जो तुकडा आला, त्यावर कामगारांसाठी 544 घरं झाली. मार्च 2020 मध्ये त्यांची सोडत निघाली. घर सव्वादोनशे चौरस फुटांचं, किंमत साडेनऊ लाख. घरांच्या या दोन किमतींच्या मधल्या अंतराचा इतिहास लिहायचा तर सुरुवात परळपासून नाही, संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागरपासून करावी लागते.

1854 मध्ये कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला. गिरण्या वाढत गेल्या, तसा जुना रत्नागिरी जिल्हा बोटीत बसून भाऊच्या धक्क्यावर उतरू लागला. तेव्हा आजचा सिंधुदुर्ग याच जिल्ह्यात होता. जांभ्या दगडाच्या जमिनीत भात वर्षभर पुरत नव्हतं. त्यात खोताचा वाटा द्यायचा. 1911 च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत निम्म्याच्या जवळपास माणसं या एका जिल्ह्यात जन्मलेली होती.

ही माणसं राहत कुठे होती? चाळीतल्या एका खोलीत, बहुतेकदा एकाच गावची. खोलीचं भाडं सगळ्यांत वाटलेलं. दिवसपाळीचा कामावर गेला की रातपाळीचा त्याच जागेवर अंग टाकायचा. जेवण खानावळीत. त्या घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायको, मुलं, म्हातारे आईवडील मात्र गावीच. चाकरमानी गणपतीला नि शिमग्याला येणार आणि एरवी मनिऑर्डर.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. आपण या ताटातुटीला कोकणची रीत म्हणत आलो. पण तिच्यात रोकडा हिशेब होता. संसार गावी असल्यामुळे गिरणीचा पगार एका माणसाला पुरला की भागत होतं. मुलांचं पोट गावच्या भाताने भरायचं. आजारी कामगाराला, निवृत्त कामगाराला घर सांभाळायचं. म्हणजे गिरण्यांच्या नफ्यात रत्नागिरीच्या बायकांनी केलेल्या लावणी-कापणीचाही भाग होता आणि तो कुठल्याच ताळेबंदात आला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेतही हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. मुंबईत परवडणाऱ्या घरांची टंचाई आजची नाही. गिरणगाव त्या टंचाईवरच चाललं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनीचा भाव मात्र चढत गेला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने वाटणी ठरवली: जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 मध्ये हा नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची झाली. गिरणीची जमीन म्हणजे बहुतांश शेड आणि इमारती; त्यांच्याखालची सगळी जागा वाटणीतून निसटली. या बदलावरच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये जनतेच्या बाजूने निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

परिणाम मोजता येतो. घरासाठी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. 2012, 2016 आणि 2020 च्या सोडतींतली घरं, पनवेलजवळच्या कोनमधली धरूनही, 15,871. मार्च 2024 मध्ये सरकारने शेलू आणि वांगणीला 81 हजार घरांचा मार्ग काढला. ही ठिकाणं कर्जत मार्गावर, परळपासून कितीतरी दूर. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला, 9 जुलै 2025 ला आझाद मैदानात मोर्चा नेला. घर मुंबईतच मिळावं ही त्यांची मागणी मला न्याय्य वाटते. ज्या जमिनीतला वाटा कायद्याने ठरला होता, त्याच्या बदल्यात दूरच्या उपनगरातलं घर विकत देणं ही भरपाई नाही. मुंबईत सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे अजून गिरण्यांची जमीन आहे. पहिला हक्क या अर्जदारांचा मानला पाहिजे.

2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली. माणसं अजून मुंबईकडेच जात आहेत, फक्त परळऐवजी नालासोपारा, दिवा, विरारला उतरतात.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरातलं कुणी 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असेल, तर त्यांचं तिकीट नंबराचं कार्ड, ईएसआयचं कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती, पगाराची चिठ्ठी, जे सापडेल ते जपून ठेवा. पात्रता याच कागदांवर ठरते, आणि पावसाळ्यात कोकणातल्या बंद घरात कागद टिकत नाहीत.