वाट राखणारी माणसं

मे १९५५मध्ये ओहायो राज्यातल्या एम्मा गेटवुड मुलांना एवढंच सांगून घराबाहेर पडल्या, की जरा चालून येते. वय ६७, पदरी ११ मुलं आणि २३ नातवंडं. खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी, पायांत कॅनव्हासचे केड्स बूट, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा आणि एक ब्लँकेट. तंबू, स्लीपिंग बॅग, नकाशा यांतलं काहीच नाही. ३ मे रोजी जॉर्जियातल्या माउंट ओगलथॉर्पवरून निघालेल्या गेटवुडबाई २५ सप्टेंबरला मेन राज्यातल्या कटाडिनच्या माथ्यावर उभ्या होत्या. ॲपलॅचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची अख्खी पायवाट एका दमात, एकटीनं पार करणारी ही पहिली बाई. त्याआधीच्या वर्षी उत्तरेकडून निघाल्या असताना त्या मेनच्या जंगलात वाट चुकल्या होत्या, चष्मा फुटला होता आणि रेंजर लोकांनी त्यांना घरी जायला सांगितलं होतं. त्याच्याही मागे नवऱ्याच्या मारहाणीत काढलेली तीन दशकांहून जास्त वर्षं होती. १९४१मध्ये त्यांनी घटस्फोट घेतला होता.

ही गोष्ट अमेरिकेत अनेकांना माहीत आहे आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण मला त्यातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. चालून आल्यावर बाईंनी वार्ताहरांकडे वाटेबद्दल सरळ तक्रार केली. एका मासिकात सचित्र लेख वाचून त्यांना या वाटेची ओढ लागली होती. प्रत्यक्षात मात्र ठिकठिकाणी आडवी पडलेली झाडं, वणव्यानंतर पुन्हा न रंगवलेल्या खुणा, गळ्यापर्यंत वाढलेलं रान, मोडलेले किंवा राहवणार नाहीत इतके घाण निवारे. त्यांच्या त्या बोलण्यानं ट्रेलकडे लोकांचं लक्ष वेळेवर वळलं, असं ट्रेलचे अभ्यासक मानतात. लांब पल्ल्याच्या पदभ्रमणाबद्दल आपण वाचतो ते चालणाऱ्यांबद्दल. वाट कुणी काढली, कुणाच्या जमिनीतून काढली, ती पावसात वाहून कशी जात नाही, हे प्रश्न मागेच राहतात.

ही वाट आज सुमारे २,२०० मैलांची, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरची आहे. दक्षिणेला जॉर्जियातला स्प्रिंगर डोंगर, उत्तरेला कटाडिन आणि मध्ये १४ राज्यं. उंचीच्या हिशेबानं हे डोंगर आपल्याला परके वाटायला नकोत. कटाडिन आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा बुटकाच आहे आणि सगळ्या ट्रेलवरचा सर्वांत उंच माथा, कुवोही, २,०२५ मीटरचा. तरीही टोकापासून टोकापर्यंत जायचं म्हणून दर वर्षी निघणाऱ्या हजारो लोकांपैकी साधारण चौघांत एक जण शेवटपर्यंत पोचतो. दमवतात ते रोजचे चढउतार. सगळा चढ एकत्र केला तर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट सोळा वेळा चढल्याइतका होतो. बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडून निघतात आणि पाच ते सात महिने चालतात. एकट्या व्हर्जिनियातच सुमारे ५५० मैल जातात. पुढे न्यू हॅम्पशायर आणि मेनमधल्या जुन्या वाटा वळणं न घेता मुळांवरून आणि कातळांवरून नाकासमोर सरळ चढतात. तिथवर येईपर्यंत पाय तयार झालेले असतात, हेच काय ते सुख.

या सगळ्याची कल्पना बेंटन मकाय या वनाधिकाऱ्याची. हार्वर्डमधून वनशास्त्र शिकून बाहेर पडलेला हा माणूस १९२१च्या वसंतात पार खचला होता. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या त्याच्या पत्नीनं, जेसीनं, एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला आत्महत्या केली होती. मित्रांनी त्याला न्यू जर्सीत बोलावून घेतलं. त्या उन्हाळ्यात त्यानं जो आराखडा लिहिला तो ऑक्टोबर १९२१मध्ये वास्तुरचनाकारांच्या संस्थेच्या मासिकात छापून आला. त्यात नुसती पायवाट नव्हती. डोंगरधारेवर निवारे, त्यांच्या आसपास सामुदायिक वस्त्या, सहकारी शेती. कारखान्यांच्या शहरात पिचलेल्या माणसाला डोंगरावर मोकळा श्वास मिळावा आणि तिथं रोजगारही मिळावा, असा तो सामाजिक बेत होता. वस्त्या आणि शेती कागदावरच राहिल्या. वाट तेवढी झाली. तिचा पहिला टप्पा १९२३च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटन भागात खुला झाला.

स्वप्न मकायचं, पण ते जमिनीवर उतरवलं मायरन एव्हरीनं. पेशानं वकील, मूळचा मेनचा, अत्यंत करारी आणि भांडकुदळ. अंतर मोजायचं चाक ढकलत तो डोंगरधारा पालथ्या घालत असे. गावोगावी मंडळं उभी करायची, त्यांना वाटेचा ठरावीक तुकडा नेमून द्यायचा, खुणा सगळीकडे एकसारख्या ठेवायच्या, नोंदी काटेकोर ठेवायच्या, ही पद्धत त्यानं घट्ट बसवली. १९३०च्या दशकात शेनंडोआच्या डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता काढायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा दोघांचं फाटलं. रस्ता आला तर निर्जनता संपली, असं मकायचं म्हणणं. सरकारशी भांडून अख्खी वाट गमावण्यापेक्षा ती थोडी सरकवू, असं एव्हरीचं. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या कायमच्या. मकायनं १९३५मध्ये वनरक्षणासाठी वेगळी संस्था काढण्यात पुढाकार घेतला. एव्हरीच्या बाजूनं १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेनमधला शेवटचा दोनेक मैलांचा तुकडा, कसलाही गाजावाजा न होता, झाडी तोडून पूर्ण झाला. मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. मकायसारखा हट्टी माणूस नसता तर ही वाट कुणाला सुचली नसती आणि एव्हरीसारखा नसता तर ती मासिकाच्या पानांतच राहिली असती.

शेनंडोआचं नाव निघालं की आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ते राष्ट्रीय उद्यान करताना तिथल्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शेकडो कुटुंबांना उठवण्यात आलं. त्यांच्या घरांची जोती रानात अजून सापडतात. आणि ज्या कुवोहीचा उल्लेख वर केला, त्याला दीड शतकाहून अधिक काळ एका सेनेटरच्या नावानं ओळखत असत. चेरोकी लोकांच्या मागणीवरून मूळ नाव परत मिळालं ते २०२४मध्ये. आपल्याकडे धरणग्रस्त आणि अभयारण्यांतली गावं पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. निर्जन डोंगर कधीकधी निर्जन केलेले असतात.

१९३७मध्ये वाट पूर्ण झाली खरी, पण तिच्या पायाखालची बरीच जमीन खाजगी होती. मालकाचा तोंडी होकार, एवढाच आधार. जमीन विकली गेली, माथ्यावर बंगले उठले की वाट खाली सरकायची आणि चालणारे डांबरी रस्त्यावर यायचे. २ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रीय पदमार्गांचा कायदा झाला आणि ॲपलॅचियन ट्रेल व पश्चिमेकडची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल हे पहिले दोन राष्ट्रीय निसर्गमार्ग ठरले. त्यानंतरही खरेदी रखडलीच. १९७८च्या दुरुस्तीनं पैसा आणि भूसंपादनाचे अधिकार दिले, तेव्हा कुठे कामाला वेग आला. आज जवळजवळ सगळी वाट सार्वजनिक किंवा संरक्षित जमिनीवरून जाते. १९८४मध्ये सरकारनं विकत घेतलेल्या जमिनींची रोजची देखभाल स्वयंसेवकांच्या संघटनेकडे सोपवली. जमीन सरकारची, निगा लोकांची, अशी ही वाटणी आहे आणि माझ्या मते ट्रेल टिकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

निगा म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. वाटेचा खरा शत्रू पाणी. उतारावरची मळलेली वाट पहिल्याच मोठ्या पावसात ओहोळ होते, मग घळ होते. म्हणून वाटेवर तिरका दगड किंवा ओंडका पुरतात, त्याचा थोडासा काठ वर ठेवतात आणि वाहून येणारं पाणी दरीकडे काढून देतात. त्यामागे पालापाचोळा आणि माती साचते. ती वेळोवेळी फावड्यानं उपसली नाही तर पाणी बांधावरून उडी मारतं आणि केलेलं काम वाया जातं. झाडावरची खूण दोन इंच रुंद, सहा इंच उंच आणि पांढरी. साल अलगद खरवडून गुळगुळीत करायची, झाडाला इजा होऊ द्यायची नाही आणि कडा सरळ ठेवून रंग भरायचा. एकावर एक दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे, लक्ष द्या. पाण्याकडे, निवाऱ्याकडे जाणाऱ्या आडवाटांना निळा रंग. कायद्यानं राखीव केलेल्या रानांत यांत्रिक करवत चालत नाही. तिथं वादळात पडलेला महाकाय ओंडका दोन माणसं लांब हातकरवतीनं कापतात. वाटेच्या ३० मंडळांतले हजारो स्वयंसेवक हे काम विनामोबदला करतात. त्यांत निवृत्त लोक मोठ्या संख्येनं आहेत.

न्यू जर्सीत मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत आणि या राज्यातून वाट सत्तरेक मैल जाते. व्हर्नन गावाजवळ पोचक ओढ्याची दलदल आहे. पूर्वी चालणाऱ्यांना तिला वळसा घालून गाडीरस्त्यानं जावं लागे. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून तिथं झुलता पूल आणि जवळजवळ मैलभर लाकडी फळ्यांची वाट उभी केली. रविवारी सकाळी तिथं पोरांना घेऊन आलेली, डब्यात पोहे असलेली माणसं दिसली तर नवल नाही. वाटेनं पुढे, बेअर माउंटनवर, पायांनी झिजून ओरबाडलेल्या चढावर तिथल्या मंडळानं हातानं घडवलेल्या ग्रॅनाइटच्या ८००हून अधिक पायऱ्या बसवल्या. भारतातून पूर्ण वाटेसाठी जाऊ पाहणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट: पर्यटक म्हणून साधारणतः सहा महिने राहता येतं आणि वाटेला पाच ते सात लागतात. हिशेब आधी करावा.

वाटेवर आणखी एक वर्ग भेटतो. रस्ता ओलांडायच्या जागी मोटारीच्या डिकीत फळं, सरबत, गरम जेवण घेऊन बसलेली माणसं. ओळख नाही, परतफेड नाही. त्यांना तिथं ‘ट्रेल एंजल’ म्हणतात. नर्मदेच्या परिक्रमेतलं सदावर्त माहीत असलेल्या मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही.

सप्टेंबर २०२४च्या अखेरीस हेलीन चक्रीवादळ दक्षिण ॲपलॅचियनवर कोसळलं. डोंगरउतारांवरची झाडं एकावर एक आडवी झाली, नद्यांनी काठ ओलांडले, गावं उद्ध्वस्त झाली. नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी आणि व्हर्जिनियातली शेकडो मैलांची वाट बंद करावी लागली. टेनेसीतल्या अर्विनजवळ नोलिचकी नदीवरचा पूल वाहून गेला. स्वयंसेवकांचं स्वतःचं घर सावरायचं बाकी होतं, तरी हिवाळ्यात करवती आणि कुऱ्हाडी घेऊन टोळ्या रानात गेल्या. २०२५च्या वसंतात दक्षिणेकडून निघालेल्या चालणाऱ्यांना बहुतेक वाट पुन्हा मोकळी मिळाली आणि नोलिचकी पार करायला होडीची सोय करण्यात आली. पूल तेव्हा नव्यानं बांधायचा होता. उतारांवरचे ओंडके अजून कुजायचे आहेत आणि मोकळ्या झालेल्या जागी काटेरी रान भराभर वाढतं आहे. तिथल्या मंडळांच्या यादीत पुढच्या अनेक मोसमांचं काम मांडून ठेवलेलं आहे.