मिठाच्या मुळाचे शब्द: लोणारपासून लंडनपर्यंत

लोणार तालुक्याच्या नावातच मीठ आहे. नावामागची दंतकथा लवणासुर राक्षसाची, तिथल्या सरोवराचे पाणी मात्र खरोखरच खारे आणि अल्कधर्मी. उल्कापाताने बनलेले हे विवर सुमारे 1.8 किमी व्यासाचे असून 2020 पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

मराठीत (मूळ: लवण)
- लोणचे: मिठात मुरवलेले.
- लोणारी: मीठ तयार करणारा.
- अळणी: मूळ रूप ‘अलवण’, म्हणजे मीठ नसलेले.
- लावण्य: मूळ अर्थ खारटपणा, पुढे सौंदर्य. चव आणि रूप एकाच शब्दात आले, हे विशेष.

फसवे साम्य: ‘लोणी’ या कुळातले नाही. ते ‘नवनीत’वरून आले.

इंग्रजीत (मूळ: लॅटिन ‘साल’)
- सॅलड, सॉस, सॉसेज: तिन्हींचा मूळ अर्थ ‘खारवलेले’.
- सॅलरी: लॅटिन ‘सलारियम’. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मिळे, ही गोष्ट लोकप्रिय आहे. थेट पुरावा नाही.
- सॉल्ट-सेलर: जेवणाच्या टेबलावरचे मिठाचे भांडे. यातल्या ‘सेलर’चा तळघराशी संबंध नाही. जुन्या फ्रेंचमध्ये ‘सालिएर’ म्हणजेच मिठाचे भांडे. म्हणजे या एका शब्दात मीठ दोनदा आले.

इंग्रजीत, पण जर्मानिक शाखेतून
- सॉल्टर: मीठ बनवणारा किंवा विकणारा, म्हणजे इंग्रजांचा लोणारी. आज मुख्यतः आडनावात उरला आहे.
- साऊस: खारवलेले मांस, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत.