स्वराज्य कचेरीपर्यंत आले, चावडीचे काय?

इस्लामपूरचे ईश्वरपूर झाले आणि त्यावर पक्ष-प्रतिपक्षांनी बोलायचे ते बोलून घेतले; परंतु ज्या वाळवे तालुक्याने स्वराज्याची वाट न पाहता ते स्वतःच चालवून दाखविले, तेथे नावाहून गहन असा एक हिशेब 1947 पासून तुंबून राहिला आहे, आणि तो सत्तेच्या हस्तांतराचा आहे.

10 सप्टेंबर 1942 रोजी इस्लामपूरच्या मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. आदल्याच दिवशी वडूजला परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले होते. कचेरी हाती लागत नाही हे ओळखून येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1943 पासून गावोगाव प्रतिसरकारची, म्हणजे इंग्रजी सत्तेला समांतर अशा राज्यकारभाराची, न्यायमंडळे उभी केली. सावकाराने हडपलेली जमीन, कोरलेला बांध, टाकून दिलेल्या बायकोची पोटगी, असे तंटे त्यांच्यापुढे येत. साक्षीदार त्याच शिवारातले असत, आणि निकाल वकिलाच्या फीवाचून व तारखांच्या हेलपाट्यांवाचून लागे. गुंड-दरोडेखोरांना तळपायावर बसणारा मार कठोर होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

जन्माने अमेरिकन असून याच तालुक्यातील कासेगावी संसार मांडलेल्या आणि 2021 साली तेथेच दिवंगत झालेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी या चळवळीची मुळे सत्यशोधकी परंपरेत व बहुजन शेतकऱ्यांच्या जागृतीत शोधली. त्यांचे हे प्रतिपादन मला मोलाचे वाटते. कारण त्यामुळे प्रतिसरकार हे ऑगस्ट क्रांतीचे केवळ एक साहसी प्रकरण न राहता रयतेच्या राज्यविचाराचा आविष्कार ठरते.

मग 15 ऑगस्ट उजाडला. लंडनच्या ज्या कायद्याने सार्वभौमत्व सुपूर्द केले, त्यानेच जुने कायदेही पुढे चालू ठेवले. परिणामी 1879 चा जमीन महसूल कायदा 15 ऑगस्ट 1967 पर्यंत या तालुक्याच्या दप्तरी अंमल गाजवीत राहिला. 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झालेल्या औंध संस्थानाबरोबर 1939 चा त्याचा ग्रामराज्याचा प्रयोगही मावळला. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षातून कम्युनिस्टांकडे गेले व 1957 साली लोकसभेत विरोधी बाकांवर बसले. स्वातंत्र्यलढ्यातले दुसरे भूमिगत वसंतदादा पाटील काँग्रेसच्या सत्तेत वाढले. प्रतिसरकारातले नागनाथअण्णा नायकवडी यांनी हुतात्मा किसन अहिर यांच्या नावाने साखर कारखाना उभारला. भूमिगतांचे कर्तृत्व सहकारात फळाला आले, न्यायमंडळांना मात्र वारस उरला नाही.

1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने न्यायपंचायती दिल्या, 1975 साली त्या काढून घेतल्या. गावचा न्याय म्हणजे बलिष्ठ जातीचा न्याय, हा आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यावर उपाय म्हणजे दलितांना व स्त्रियांना राखीव जागा आणि वरच्या कोर्टात अपिलाची मुभा, अधिकारच खालसा करणे नव्हे. बांधाच्या तंट्यासाठी शेतकऱ्याची उमेद कोर्टाच्या पायरीवर खर्ची पडत असेल, तर गावाला न्यायाचा मर्यादित अधिकार परत देणे हे मुंबईच्या सरकारचे थकलेले देणे आहे, आणि नामांतराला दाखविली तेवढी तत्परता त्याने याही कामी दाखवावी.