तलाव बांधणारा आजा

नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, अशी नोंद भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगाव तिकडे गेले. त्याआधी ते भंडारा जिल्ह्यातच होते. कोलू पाटलांचे चित्र, हस्ताक्षर किंवा तलावाचा आराखडा उपलब्ध नाही. त्यांच्याविषयी जे सांगता येते, ते त्यांच्या बांधकामावरून आणि लोकांनी जपलेल्या आठवणीवरून.

कोलू पाटील ज्या कोहळी समाजातले, तो वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधणारा समाज म्हणूनच ओळखला जातो. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना कोहळ्यांच्या पूर्वजांना सोबत आणले, अशी या समाजातली परंपरागत समजूत आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथातही कोहळ्यांचे तलाव आणि त्यांचा आवडता ऊस यांचा उल्लेख आहे. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन द्यायची, असे गोंड राजांचे धोरण होते. म्हणून तलाव ही एका माणसाच्या हयातीपुरती गोष्ट नव्हती. आजाने पाळ घातली, तर तिच्या पाण्यावर नातवाचा धान पिकायचा.

या स्थापत्याचे कौशल्य जागा निवडण्यात होते. पावसाचे पाणी कोणत्या उतारावरून येते आणि कमीत कमी माती घालून ते कुठे अडेल, हे आधी हेरावे लागे. नवेगावला डोंगरांनीच जवळजवळ कडे केले आहे. मधल्या खिंडी पाळ घालून बुजवल्या आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय उभा राहिला. तलावाचे मुख्य भाग थोडकेच. पाणी अडवणारी मातीची पाळ, शेताकडे पाणी सोडणारे तुडूम आणि जादा पाणी वाहून नेणारा सांडवा. सांडव्याचे गणित चुकले, तर मातीची पाळ पहिल्याच मोठ्या पुरात फुटते. पुष्कळ ठिकाणी वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उतरते. त्यामुळे पाणी वाया जात नाही आणि पुराचा जोरही ओसरतो. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते अशाच बांधकामांमुळे.

कोलू पाटलांच्या पश्चात लोकांनी त्यांना देव मानले. नवेगावच्या तलावाभोवतालची शिखरे सातबहिणी म्हणून ओळखली जातात. त्यांपैकी एकावर कोलासूर देवाचे ठाणे आहे. हा कोलासूर म्हणजेच कोलू पाटील, असे गॅझेटिअर सांगते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा १५ सप्टेंबर हा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. कोलू पाटलांच्या स्मरणासाठी मात्र सरकारी ठराव लागला नाही. पाणी वापरणाऱ्यांनीच ते पूजेच्या रूपाने चालू ठेवले.

बांधणाऱ्याची आठवण टिकली, तरी बांधकामाची निगा तशी टिकली नाही. तलावांवर मालगुजारांची, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या जमीनमालकांची, मालकी होती, तेव्हा पाळीची डागडुजी आणि गाळ काढणे ही कामे गावच्या श्रमातून होत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून ते माजी मालगुजारी, म्हणजेच बोलीत ‘मामा’ तलाव झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. देखभालीची जबाबदारी गावाबाहेर गेली. बऱ्याच तलावांत गाळ साचला, पाणलोटात अतिक्रमणे झाली, बेशरम ही उपद्रवी वनस्पती वाढली. धानाचे सिंचन घटले आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांच्या पोटावरही त्याचा परिणाम झाला.

अलीकडे दुरुस्तीचे प्रयत्न सुरू आहेत. राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. तिच्यात तलावातला सुपीक गाळ शेतकऱ्यांच्या शेतात पसरला जातो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाचे पारंपरिक ज्ञान वापरून तलावांत स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी माशांना आसरा मिळवून दिला. खुद्द नवेगावचा परिसर १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मोडतो. भातासाठी अडवलेल्या त्या पाण्यावर आज हिवाळ्यात स्थलांतरित पक्षीही उतरतात.