जुना कॅमेरा व सांजवेळ

चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेला वसईचा किल्ला आमच्या वृद्ध आत्याबाईंना पुन्हा एकदा पाहावयाचा होता. नागेश्वराच्या देवळापाशी पोहोचेतो दिवेलागण झाली, आणि आमचा पंधरा वर्षांचा डिजिटल कॅमेरा नुसता घरघरू लागला. दोन छायाचित्रे अंधुक निघाली. दोष केवळ यंत्राच्या वयाचा नव्हे. असा कॅमेरा उजेड व छाया यांच्या सीमेवरून नजर स्थिर करितो. मंद प्रकाशात ती सीमाच त्यास गवसत नाही. मग कॅमेरा पडक्या भिंतीवर टेकविला, आत्याबाईंच्या पांढऱ्या लुगड्याच्या गडद काठावर नेम धरून कळ अर्धी दाबून ठेविली, चौकट तशीच मुखाकडे वळविली आणि श्वास रोखून कळ पुरी दाबली. यंदाच्या पितृपक्षात तेच चित्र आम्ही पाटावर मांडिले.