माशाचा रंग अंगचा की सुईचा? विकत घेण्याआधी एवढं तपासा

अंधेरी (मुंबई उपनगर) : गावाकडून मुंबईला आलेला माणूस परत जाताना पोराबाळांसाठी काहीतरी घेऊन जातोच. पूर्वी एखादं खेळणं असायचं. आता बऱ्याचदा हातात पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात चार रंगीत मासे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा उपनगरांत फिशटँकची दुकानं आहेत, कुर्ल्याला माशांचा बाजार आहे. तालुक्याच्या गावात नवीन दुकान टाकणारी पोरंही इथूनच किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून माल उचलतात.

घरी नेलेला गुलाबी मासा मग चार-सहा महिन्यांत फिका पडतो आणि शेवटी पांढरा होतो. नाहीतर पंधरा दिवसांतच उलटा तरंगतो. घरात एकमेकांना दोष दिला जातो. पाणी बदललं नाही, खाणं जास्त टाकलं, नजर लागली. खरं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. तो गुलाबी रंग माशाचा नव्हताच. कुणीतरी तो भरलेला होता.

रंग भरतात तो कसा?

याची सगळ्यात गाजलेली गोष्ट आपल्याच ओढ्या-नद्यांतल्या माशाची आहे. इंग्रजीत त्याला ग्लासफिश म्हणतात. बोटाच्या दोन पेरांएवढा हा मासा काचेसारखा आरपार दिसतो, अगदी आतला काटासुद्धा. भारतात आणि शेजारच्या देशांत तो गोड्या पाण्यात सापडतो. अंगाला रंग नाही म्हणून त्याला भाव नाही. यावर व्यापाऱ्यांनी उपाय काढला तो सुईचा. पाठीच्या आणि पोटाच्या कडेने टोचून झगमगीत गुलाबी, हिरवा, पिवळा, निळा रंग भरायचा आणि 'पेंटेड ग्लासफिश' किंवा 'डिस्को फिश' म्हणून विकायचा. एवढ्याशा जिवाला एकदा नाही, अनेकदा सुई टोचली जाते.

दुसरा प्रकार बुडवण्याचा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. हा थर म्हणजे त्याचं चिलखत, रोगजंतू त्यामुळे बाहेर राहतात. जळजळीत द्रावणात बुडवून आधी तो थर काढतात, मग मासा रंगात बुडवतात. पांढऱ्या जातीच्या माशांवर हा प्रयोग जास्त होतो, कारण पांढऱ्यावर कुठलाही रंग बसतो.

तिसरा प्रकार खाण्यातून. खाद्यात रंग किंवा नर संप्रेरक मिसळतात. संप्रेरकामुळे न वाढलेली पिल्लं आणि फिक्या माद्याही नरासारख्या रंगीत दिसू लागतात. ते खाद्य थांबलं की रंग उतरतो.

याशिवाय लेझरने माशाच्या अंगावर बदाम किंवा इंग्रजी अक्षरं गोंदवण्याचाही धंदा आहे. पॅरट जातीच्या माशांवर असं गोंदलेलं दिसतं.

मासा मरतो कशाने?

टोचलेल्या जागी जखम राहते आणि थर निघालेली कातडी उघडी पडते, तिथून रोग आत शिरतो. ब्रिटनमधल्या 'प्रॅक्टिकल फिशकीपिंग' या मासिकाने १९९६ पासून या प्रकाराविरुद्ध मोहीम चालवली. तिथल्या दुकानांतल्या ग्लासफिशची पाहणी झाली, तेव्हा रंगवलेल्या माशांपैकी ४० टक्क्यांहून जास्त माशांना लिम्फोसिस्टिस हा विषाणूचा आजार दिसला. न रंगवलेल्या माशांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. या आजारात अंगावर आणि परांवर फुलकोबीसारखे पांढरे गोळे येतात. असा एक मासा घरच्या टाकीत आला की बाकीच्यांनाही धोका होतो.

ओळखायचं कसं? सात खुणा

बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. मासा घेतानाही पाच मिनिटं काढावीत. मोबाईल खिशात असतोच. काचेजवळ धरून फोटो काढा, थोडा व्हिडिओ घ्या आणि मोठा करून बघा.

१. रंग कुठे आहे ते बघा. माशाचा स्वतःचा रंग हळूहळू गडद-फिका होत जातो, खवल्यांवर बसतो, डोक्याकडे आणि परांकडे पसरतो. भरलेला रंग एकाच पट्ट्यात किंवा ठिपक्यात साचलेला असतो. डोकं आणि पर कोरे, पण पाठीला नि पोटाला मार्करने रेघ ओढल्यासारखी दिसली, तर सुईचा संशय घ्या.

२. दोन्ही बाजू बघा. मासा वळला की दुसऱ्या कुशीचाही फोटो घ्या. पट्टा एकीकडे लांब, दुसरीकडे तुटका असेल तर हाताने केलेलं काम असू शकतं. मात्र गोल्डफिश आणि कोई या माशांवर लाल, पांढरे, काळे डाग मुळातच वेडेवाकडे असतात. त्यांना ही खूण लावू नका.

३. निळ्या रंगाची चमक बघा. निऑन टेट्राचा निळा पट्टा किंवा फायटर माशाचा निळा रंग हा प्रकाश परत फेकणाऱ्या पेशींचा खेळ असतो, मोराच्या पिसासारखा. मासा वळला की झाक बदलते. भरलेला निळा मात्र शाईच्या डागासारखा, कुठूनही बघा, तसाच मठ्ठ दिसतो.

४. दिवा बदलून बघा. काही टाक्यांवर लाल, गुलाबी किंवा निळा दिवा लावलेला असतो. त्या उजेडात साधा मासाही झळकतो. दुकानदाराला दिवा बंद करायला सांगा आणि मोबाईलच्या टॉर्चच्या पांढऱ्या उजेडात मासा बघा.

५. एकाच जातीची रंगपंचमी दिसते का? एकाच टाकीत एकाच आकाराचे मासे, पण एक जांभळा, एक पोपटी, एक गुलाबी, एक निळा, तर थांबा. गप्पी आणि फायटर यांच्यात इतके रंग खरेच असतात. ग्लासफिश, पांढरा विडो टेट्रा, पांढरा कोरी, पांढरा टायगर बार्ब यांच्यात ते नसतात.

६. कातडी आणि पर बघा. टोचल्याचे बारीक ठिपके, सुजलेली जागा, पांढरे गोळे, फाटलेले पर, कोपऱ्यात गप्प उभा राहून भराभर श्वास घेणारा मासा. यातलं काहीही दिसलं तर रंग खरा असो वा खोटा, तो मासा घेऊ नका.

७. पिल्लू दाखवा म्हणा. ही सगळ्यात मोठी खूण. ज्या रंगाचे आई-बाप, त्या वळणाची पिल्लं दिसायला हवीत. भरलेला रंग पोटच्या पिल्लात उतरत नाही. 'या रंगाची पिल्लं कुठे तयार होतात?' एवढं विचारा. मासे स्वतः वाढवणारा किंवा ओळखीच्या माणसाकडून आणणारा विक्रेता सरळ सांगेल. 'वरून माल येतो' एवढंच उत्तर मिळालं तर घाई करू नका.

कुठल्या माशांवर जास्त लक्ष ठेवायचं?

ग्लासफिश मुळात बिनरंगी असतो. विडो टेट्रा मूळचा काळपट-चंदेरी, त्याची एक पांढरी जात आहे आणि तीच रंगवली जाते. पॅरट मासा नारंगी, लाल किंवा पिवळसर असतो. तोच जांभळा, निळा, हिरवा करून 'बबलगम' किंवा 'जेलीबीन' नावाने विकतात. 'ब्लूबेरी', 'स्ट्रॉबेरी' अशी गोळ्या-बिस्किटांची नावं माशाला दिसली की एकदा नीट बघून घ्यावं.

मात्र सगळ्याच भडक माशांवर संशय नको. आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या खायला टाकीत नि हौदात गप्पी मासे सोडतात, ते अनेकांनी पाहिले असतील. त्यांच्यातही नराच्या शेपटीवर रंग असतो आणि मादी साधी असते. तो रंग निसर्गानेच दिलेला. निऑन टेट्रा, फायटर, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे निळे-पिवळे मासे, प्लॅटी, डिस्कस हेही मुळातले रंगीत.

खाद्याने रंग खुलवणं हीसुद्धा फसवणूक नाही. झेंडूच्या पाकळ्या, गाजर, स्पिरुलिना, सुकी कोळंबी यांत असलेल्या कॅरोटिनॉइड या घटकाने लाल-नारंगी मासा उजळतो. पण झेंडू खाऊन पांढरा मासा जांभळा होणार नाही. जातीत नसलेला रंग खाण्यातून येत नाही.

चमकणारा मासा वेगळाच

इथे एक गोंधळ होतो. काही मासे निळ्या दिव्याखाली रेडियमसारखे चमकतात. हे रंगवलेले नसतात, त्यांची जनुकंच बदललेली असतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या झेब्रा डॅनियो या ओढ्यातल्या छोट्या माशात जेलीफिशचं जनुक घातलं. पुढे अमेरिकेत ते मासे 'ग्लोफिश' नावाने विकायला आले. त्यांचा रंग अंगभर सारखा असतो, उतरत नाही आणि पिल्लांतही येतो. म्हणजे पिल्लाची खूण इथे चालत नाही.

भारतात मात्र जनुक बदललेला जीव आणायला, पाळायला, विकायला १९८९ च्या नियमांनुसार केंद्रीय समितीची मंजुरी लागते. बीटी कापसाला ती २००२ मध्ये मिळाली, हे शेतकऱ्यांना माहीत आहे. चमकणाऱ्या माशाला तशी मंजुरी नाही. त्यामुळे 'पक्का रंग आहे' म्हणून कुणी विकत असेल तरी तो माल घेणं बरं नाही.

धंदा करणाऱ्यांनी जास्त जपावं

घरी दोन मासे फिके पडले तर पोरगं हिरमुसतं. पण कर्ज काढून मत्स्यबीज केंद्र टाकणाऱ्याचं काय? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात घराच्या परसात शोभिवंत मासे वाढवण्याच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला आणि त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवलं. ही वाट चांगली आहे. पण जोडीचे मासे रंगवलेले निघाले तर पिल्लं पांढरीच येणार आणि गिऱ्हाईक परत जाणार. बोगस बियाणं पेरल्यावर जे होतं, तेच इथे होतं. हंगाम गेला की कळतं.

म्हणून पैसे गुंतवण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारणा करावी. अंधेरीत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, मत्स्यशेतीचं शिक्षण देणारी ही देशातली मोठी संस्था. कोकणातल्या लोकांना रत्नागिरीचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय जवळ पडेल. मोठी खरेदी करायचीच असेल तर आधी चार मासे आणावेत, वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवावेत आणि पहिल्या दिवशीचा फोटो जपून ठेवावा. महिन्याने त्याच उजेडात दुसरा फोटो काढून शेजारी ठेवला की रंग उतरतोय का ते कळतं.

कायदा काय म्हणतो?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्यात माणूस सोडून कुठलाही जिवंत प्राणी येतो, म्हणजे मासाही येतो. कलम ११ नुसार प्राण्याला विनाकारण वेदना देणं, जाणूनबुजून अपायकारक पदार्थ देणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाने कुणाची सुई थांबत नाही. ती थांबेल गिऱ्हाईक नको म्हणाल्यावर. कारण दुकानदार तोच माल मागवतो जो खपतो.

आधीच घेतला असेल तर

रंगवलेला मासा घरी असेल तर तो टाकून देऊ नका. त्याचा काही दोष नाही. पाणी स्वच्छ ठेवा, दर आठवड्याला थोडं थोडं पाणी बदला, मारकुट्या माशांपासून वेगळा ठेवा. जगला तर रंग हळूहळू जाईल आणि मूळचा पांढरा किंवा आरपार मासा दिसायला लागेल. तो आजार नाही, मासा आपल्या रूपावर येतोय.

आणि कंटाळा आला म्हणून विहिरीत, ओढ्यात, तळ्यात सोडू नका. फिशटँकमधला सकर मासा उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला, तो असाच कुणीतरी सोडलेला. सांभाळणं जमत नसेल तर जमेल अशा घरी द्यावा.

पुढच्या वेळी मुंबईहून परतताना पोरासाठी मासा घ्यायचाच असेल तर साधा गप्पी घ्या, प्लॅटी घ्या. दोन-तीन महिन्यांत टाकीत पिल्लं दिसतील आणि त्यांना रंग चढताना पोरगं रोज काचेला नाक लावून बघेल.